पोटभर हवा आणि थोडंसं लोणी

मित्रांनो, मी जुनी आहे, पिवळी आहे आणि माझ्या अंगाला अजून लोण्याचा वास येतो. वासाचं ऐकून हसू नका. तो कसा लागला हे सांगण्यासाठीच तर मी आज तोंड उघडलं आहे. एरवी माझ्यासारखीने तोंड बंद ठेवावं यातच सगळ्यांचं भलं असतं, कारण तोंड उघडलं की माझ्यातली हवा जाते.

मी हवेची पिशवी आहे. खवळलेल्या नदीत एकट्याने वल्हवायची जी छोटी बोट असते, कयाक म्हणतात तिला, तिच्या शेपटाकडच्या निमुळत्या पोकळीत माझी जागा. लांबट, गाजरासारखी, एका टोकाला अंगठ्याएवढी नळी. त्या नळीतून फुंकायचं, बूच लावायचं, मला बोटीला बांधायचं आणि विसरून जायचं. माझं काम काय, तर जागा अडवणं. बोट उलटली, माणूस बाहेर पडला, की नदी बोटीत घुसते. पण जिथे मी बसलेली असते तिथे तिला शिरता येत नाही. मग बोट बुडत नाही, दगडाखाली जाऊन अडकत नाही, काठापर्यंत ओढून नेता येते. नुसतं बसून राहण्याचं एवढं मोठं काम जगात दुसऱ्या कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

पण कौतुक? नाव काढू नका. नदीवरून परत आलं की लोक वल्ह्याला गोंजारतात, हेल्मेट घालून फोटो काढतात. आम्ही दोघी बहिणी मागे अंधारात. हो, आम्ही जुळ्या होतो. बोटीच्या शेपटात मधोमध एक उभी भिंत असते, तिच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच गरम साच्याखाली आमच्या कडा चिकटल्या. ती जरा तापट होती. मी मुळातच मऊ.

आम्हाला इराणमधल्या बख्तियारी डोंगरांत एक लाल दाढीचा परदेशी घेऊन आला. अर्मंद नदीच्या सगळ्या धारा, म्हणजे दगडांवरून खवळत उतरणारं पाणी, त्याने हसत पार केल्या आणि शेवटच्या दिवशी गाढवावरून पडून पाय मोडून घेतला. विमानात कुबड्या आणि बोट दोन्ही नेऊ देईनात. तेव्हा त्याने बोट, वल्हं आणि आम्ही दोघी असा सगळा संसार परीजानच्या हवाली केला. परीजान त्या वेळी नदीकाठच्या राफ्टवाल्यांच्या तळावर स्वयंपाक करायची आणि सगळे जेवायला बसले की रिकाम्या बोटीत जाऊन बसायची. दोन हंगामांत ती अशी वल्हवायला शिकली, की नदीसुद्धा तिला ओळखू लागली असावी.

तळाचा मालक कयूमर्स हे सगळं बघत होता. पर्यटकांच्या मोठ्या राफ्टबरोबर एक कयाकवाला ठेवावा लागतो, पाण्यात पडलेल्यांना उचलायला. ती जागा रिकामी होती. तो एक दिवस तिला म्हणाला, "वसंतात परीक्षा घेतो. पुलापासून अक्रोडांच्या झाडांपर्यंत ये. पडलीस तरी हरकत नाही, सगळेच पडतात. पण बोट सोडून आलीस तर परत कांदे चिरायचे. स्वतःची बोट ज्याला सांभाळता येत नाही तो दुसऱ्याला काय सांभाळणार?"

परीजानने त्या रात्री भात करपवला, इतकी ती खूश होती.

आता घोडं कुठे अडलं ते सांगते. परीजानचे वडील नव्हते. घरात ती आणि तिची आई गुलबस, जिला ती दा म्हणायची. आणि शब्द चालायचा तो दाच्या थोरल्या भावाचा, हालू शीरअलीचा. हालू म्हणजे मामा. हा हालू हिवाळ्यात कळप घेऊन खाली उबदार मैदानात आणि वसंतात पुन्हा वर डोंगरात. छाती कोठीएवढी, डोक्यावर काळी टोपी, पायात ती बख्तियारी काळी विजार, इतकी रुंद की एका पायात दोन माणसं राहतील. मनाने चांगला. पण आपल्याला कळत नाही अशी एखादी गोष्ट जगात असेल, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या वसंतात कळप घेऊन तो आला, दाच्या अंगणात उतरला, आणि बोटीतून माझी बहीण उपसून बाहेर काढली.

"हे काय आहे?"

"हवेची पिशवी, हालू. बोट बुडू नये म्हणून."

"हवेने बोट वाचते?" हालूने तिला हातात दाबून पाहिलं. "ही तर अर्धी रिकामी आहे. फुंकताना दम लागला वाटतं तुम्हाला."

"थोडी ढिली ठेवावी लागते. उन्हात आतली हवा फुगते. आता ती तशीच..."

"मला हवेचं शिकवू नकोस," असं म्हणून त्याने नळी तोंडात धरली आणि फुंकलं. मित्रांनो, काय ती फुंकर. माझी बहीण टच्च झाली, तिच्या कडा करकरू लागल्या. हालूने तिच्यावर थाप मारली, ती ढोलासारखी वाजली. तो खूश झाला. मग भर दुपारी अंगणात सतरंजी टाकली, बहिणीला मागे लोडासारखी ठेवली, तिच्यावर कोपर टेकलं आणि चहा मागवला.

परीजान म्हणत होती, "हालू, सावलीत तरी घ्या." पण पाहुण्याच्या कोपराखालून लोड काढून घेणं हे त्या डोंगरांत कुणालाही जमलेलं नाही.

साखरेचा खडा दातात धरून हालूने पहिला घोट घेतला आणि माझी बहीण गेली. आवाज असा झाला, की कुत्री छपराखाली घुसली, शेळ्या कुंपण मोडून डोंगर चढल्या, आणि हालू शीरअली सतरंजीवर उताणा, दाढीत चहा, दातात साखर तशीच. मी बोटीतल्या अंधारातून सगळं ऐकलं. मला रडायचं होतं, पण माझं रडणं म्हणजे हवा सोडणं, आणि तेवढी हिंमत झाली नाही.

सगळे हसले. दासुद्धा ओढणीआड हसली. ते मात्र फार वाईट झालं. हसं झालेल्या मोठ्या माणसाला काहीतरी हुकूम सोडावाच लागतो.

"असल्या भरवशावर पोरगी नदीत जाते?" तो उठून बसत म्हणाला. "ऐक परीजान. सगळ्यांसमोर सांगतो. परीक्षा दे, मी अडवत नाही. पण नदीने ही बोट नेली, तर हा खेळ संपला. मग गपचूप खाली अहवाज शहरात मावशीकडे जायचं आणि शिलाई शिकायची."

परीजानने मान हलवली. मामाच्या शब्दापुढे दुसरं काय करणार. पण रात्री ती बोटीजवळ येऊन बसली, माझ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आता तू एकटीच गं." माझ्या आयुष्यात कुणी माझ्याशी बोललं ते तेव्हा पहिल्यांदा.

आता लोण्याचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी परीजान नदीच्या धारा पाहायला काठाने चालत गेली. घरी पाहुणे डझनावारी, आणि बहिणीच्या धडाक्याने बिथरलेल्या कुत्र्यांपैकी एकाने दाची ताकाची मशक फाडलेली. मशक म्हणजे शेळीचं सबंध कातडं. त्यात दही-पाणी भरून तीन काठ्यांच्या तिवईला टांगायचं आणि पुढे-मागे झोके देत घुसळायचं. तिकडे ताक नाही म्हणजे पाहुण्याला जेवण नाही. दा अंगणभर फिरली आणि बोटीसमोर येऊन थांबली. मला तिची नजर कळली. सगळ्या हवाबंद वस्तूंना अशी नजर कळते.

"एकीला काय करायचंय बोटीत," दा शेजारणीला म्हणाली. "जोडीतला एक बैल मेला की दुसऱ्याला नांगराला कोण जुंपतं? आण ते नरसाळं."

आणि माझ्यात दही ओतलं हो. थंडगार, आंबट दही. तिवईला टांगलं आणि बायांनी झोके द्यायला सुरुवात केली. मी मोठमोठ्या धारा पाहिल्या आहेत, पण असं पोट माझं कधी ढवळलं नव्हतं. बाया गात होत्या, मी डचमळत होते. दुपारपर्यंत ताक झालं. नळीतून ते असं सुरेख धार धरून आलं की दा म्हणाली, "बघ, कातड्यापेक्षा बरी आहे की."

मग तिने लोण्यासाठी हात घालायचं ठरवलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात जाईल असं मला तोंडच नाही.

लोण्याचा गोळा आत, चार बाया बाहेर. त्यांनी मला पिळलं, उलटं टांगलं, माझ्यावर बसून पाहिलं. नळीतून बोटभर लोणी डोकावायचं आणि परत आत जायचं. एक म्हणाली, बाळंतीण अडते तसं झालंय. दुसरी म्हणाली, मग सुईणच लागणार. दाने लोकर कापायची कात्री आणली.

मित्रांनो, तेवढ्यात परीजान आली म्हणून मी आज बोलते आहे.

"दा, ती कात्री खाली ठेव."

"लोणी आहे आत. पाहुण्यांना काय वाढू?"

"पाहुण्यांना जाम वाढ. ही फाटली तर उद्या मी अहवाजला."

"अगं, एक पिवळी पिशवी ती. तिच्यावाचून तुझी बोट काय रडणार आहे?"

परीजान खाली बसली. कोमट पाणी मागवून ते माझ्यात ओतू लागली, हलवू लागली, आणि लोणी वितळून थोडं थोडं बाहेर येत असताना तिने आईला सगळं समजावलं. बोटीत पाणी कसं भरतं. भरल्यावर ती बैलासारखी जड कशी होते. हवा असली की पाण्याला आत जागाच कशी मिळत नाही. "दोन होत्या, दा. आता एकच आहे. एक बाजू पाण्याने भरेल. मी पडले तर बोट मला ओढता येणार नाही. आणि उद्या मी पडणार, हे मला ठाऊक आहे. सासूत सगळेच पडतात." सासू हे तिथल्या सर्वांत दांडग्या धारेचं नाव. ते कुणी ठेवलं हे विचारायची गरज नाही.

दाने कात्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मग असं सांग ना. हे तर बाबांचं काम झालं."

ती आत गेली. पेटीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. ती एक मशक होती. ताकाची नव्हे. दाचे वडील नदीवर उतारू नेत. फुगवलेल्या कातड्यांवर लाकडं बांधून तराफा करायचा आणि कुटुंबच्या कुटुंबं, शेळ्या, अंथरुणं, नवरीसुद्धा पलीकडे पोचवायची. पूल झाला, तराफा मोडला. एवढी एक मशक दाने ठेवली होती. डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात भिजवून, तूप चोळून दर वर्षी जपलेली. तिच्यात ताक घुसळायचं दाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, मला मात्र बेधडक टांगलं. तेव्हा मला राग आला होता. आता आला नाही.

दाने ती मशक स्वतः फुंकली. गळा आवळला. काळ्या केसांची, चार पायांची सबंध शेळीच तयार झाली, फक्त मुंडकं नाही.

"बाबांनी हालूला यावरूनच नेलं होतं पहिल्यांदा," दा म्हणाली. "भोकाड पसरलं होतं त्याने मधोमध. या मशकीने आजवर कुणाला नदीत सोडलेलं नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "बांध नीट. दोन गाठी मार."

तर अशी माझ्या बहिणीच्या जागी म्हातारी आली. बोटीत कोंबताना तिचा एक मागचा पाय काही केल्या मावेना. तो बसायच्या जागेकडे डोकावतच राहिला. मला आधी जरा नाक मुरडावंसं वाटलं. मी कारखान्यातली, ही कळपातली. पण रात्रभर शेजारी बसल्यावर कळलं, दोघींचं पोट एकाच गोष्टीने भरलेलं आहे. शिवाय लोण्याचा वास तिला घरच्यासारखा वाटला असावा. ती कधी काही बोलली नाही, पण कुरकुरलीही नाही.

परीक्षेच्या सकाळी पुलावर ही गर्दी. त्यातच हालूचा कळप पूल ओलांडून डोंगराकडे निघालेला, त्यामुळे शेळ्या, गुराखी आणि बघे सगळे एकत्र. परीजानने कमरेचा रबरी घागरा बोटीच्या तोंडावर ताणून बसवला, म्हणजे आत अंधार झाला आणि म्हातारीचा पाय कुणाला दिसेनासा झाला. हालू काठावर हात मागे बांधून उभा. कयूमर्स खाली अक्रोडांपाशी.

सुरुवातीच्या धारा तिने हसत घेतल्या; काठाने हालू, दा, गुराखी असे सगळे आमच्याबरोबर धावत आले. मला आतून सगळं कळतं. बोट कुठे डुलली, कुठे उडाली, वल्हं कुठे नेमकं बसलं. मग सासू आली. मित्रांनो, सासूबद्दल वाईट बोलू नये, पण तिने आम्हाला उचललं, उलटं केलं, परीजानने सरळ केलं, तिने पुन्हा उलटं केलं. परीजान बोटीबाहेर फेकली गेली आणि नदी दार मोडून आत शिरली.

पाणी थेट शेपटाकडे आलं. मी अंग आखडलं नाही, उलट जेवढी पसरता येईल तेवढी पसरले. पलीकडे म्हातारीही. पाण्याने आम्हाला ढकललं, चेपलं, आमच्या मधून वाट शोधली. वाट नव्हती. गाठी ताणल्या, पण दोन होत्या. बोट आडवी झाली, अर्धी भरली आणि तरंगत राहिली. परीजानने शेपटाची कडी पकडली होती. दुसऱ्या हाताने पोहत ती बोट काठाकडे ढकलू लागली. भरलेली बोट कुणालाच अशी ढकलता येत नाही. आमची येत होती.

पण काठ अजून दूर होता आणि अक्रोडांनंतर नदी अरुंद घळीत शिरते. तिथे गेलेलं काही परत येत नाही. कयूमर्सने दोरी फेकली, ती आखूड पडली. काठावरचे गुराखी बघत उभे होते. वाईट वाटून बघत होते, पण उभेच होते. प्लास्टिकच्या बोटीसाठी बर्फाच्या पाण्यात कोण उतरतो?

तेवढ्यात बोट कलंडली, म्हातारी गाठींपर्यंत सरकली आणि तिचा तो पाय, केसाळ मांडीसकट, बोटीच्या तोंडातून उघड्यावर आला.

"अरे शेळी," कुणीतरी ओरडलं. "शेळी वाहून चाललीय."

मग काय विचारता. सबंध काठ नदीत उतरला. कुणी टोपी फेकली, कुणी काठी पुढे केली, एकाने दुसऱ्याचा पट्टा धरला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, अशी माणसांची साखळीच पाण्यात आली. सगळ्यांच्या पुढे हालू शीरअली. त्याची ती रुंद विजार पाण्यात फुगली आणि तो बुचासारखा वर आला. माझी जातच जणू मदतीला धावली. तशा अवतारात, छातीएवढ्या पाण्यात, त्याने शेळीचा पाय पकडला आणि दात-ओठ खाऊन ओढला. पाय मशकीला होता, मशक गाठींना, गाठी बोटीला आणि बोटीच्या मागे परीजान. सगळी वरात काठाला लागली. अक्रोडांच्या थोडी अलीकडे नव्हे, बरोब्बर अक्रोडांपाशी.

हालू धापा टाकत म्हणाला, "सोडा हिला आधी, गुदमरली असेल. मुंडकं कुठे हिचं? कुणाची शेळी ही?"

दा गर्दीतून पुढे आली.

"बाबांची," ती म्हणाली.

हालूने हातातल्या पायाकडे पाहिलं. मग त्याने हळूच त्या काळ्या केसांवरून हात फिरवला, आणि त्याला ओळख पटली. इतका मोठा माणूस, फुगलेल्या विजारीत, लहान झाला. कुणी हसलं नाही. मग कयूमर्सला राहवलं नाही आणि तो हसला. हळूहळू सगळे हसले आणि सर्वांत शेवटी हालूही हसला. डोळे मात्र त्याने ओल्या बाहीने पुसले, नदीचं पाणी आहे असं दाखवत.

"हालू," परीजान दात वाजवत म्हणाली, "नदीने बोट नेली असती तर अहवाज, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"नेली नाही."

"कशी नेईल?" हालू म्हणाला. "मी ओढली ना."

कयूमर्सने नियम आठवून पाहिला. माणूस आला, बोट आली. परीजानने कडी शेवटपर्यंत सोडली नव्हती, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. "उद्यापासून ये," तो म्हणाला. "आणि ती शेळी पण आण. माझ्या दोऱ्या पाहून आजवर इतकी माणसं पाण्यात उतरली नाहीत."

त्याला आता किती तरी हंगाम झाले, मित्रांनो. परीजानने नदीतून काढलेली माणसं आता गणतीत नाहीत. तळावर नव्या बोटी आल्या, नव्या पिशव्या आल्या, चकचकीत. म्हातारी पुन्हा पेटीत गेली. दा तिला दर वर्षी तूप चोळते आणि हल्ली माझ्याही कडांवरून एक हात फिरवते. परीजानच्या बोटीत मात्र अजून मीच. माझ्या शिवणीत कुठेतरी लोण्याचा एक कण राहिला आहे, तो काही निघत नाही आणि मीही त्याला हाकलत नाही.

तुमच्याकडे माझी कुणी बहीण असेल, तर एवढंच करा. तिला नीट बांधा. वापरून झाली की हवा सोडून सावलीत ठेवा. आणि फुंकताना थोडी जागा ठेवा, कारण ऊन लागलं की प्रत्येक जण फुगतो आणि ज्याच्यात जागा नसते तो फुटतो.

हे मला हालूने शिकवलं. कळप घेऊन वर जाताना तो हल्ली वाट वाकडी करून तळावर येतो, परीजानला बाजूला सारतो, माझी नळी तोंडात धरतो आणि फुंकतो. सावकाश फुंकतो. मग अंगठ्याने दाबून बघतो, थोडी हवा सोडून देतो आणि म्हणतो, "एवढी बास." त्याच्या छातीतली ती हवा पोटात घेऊन मी परीजानच्या पाठीमागे बसते आणि आम्ही सासूकडे निघतो.